मेथॅनॉल आणि यीस्टची पेशी

रसायनशास्त्राच्या तासाला आपण फळ्यावर दोन मद्यार्कांचीं सूत्रें शेजारीं शेजारीं लिहितों. एकांत कार्बनचा एकच अणु, दुसऱ्यांत दोन. पहिल्याचें नांव मेथॅनॉल, दुसऱ्याचें एथॅनॉल. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ, दोन्ही पाण्यांत वाटेल त्या प्रमाणांत मिसळणारे, वासही बराच मिळताजुळता. फळ्यावर हा भेद इतका क्षुल्लक दिसतो, कीं परीक्षेच्या घाईंत पुष्कळ मुलें एकाच्या जागीं दुसऱ्याचें सूत्र लिहून मोकळीं होतात. परंतु ह्या एका अणूच्या भेदापायीं सन २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईस मालाडच्या मालवणी ह्या वस्तींत शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांनीं जी स्वस्त दारू विकत घेतली होती तींत मेथॅनॉल होतें.

आतां दुसरी गोष्ट ऐका. सन २०२२ च्या मार्चमध्यें बारा ते चौदा वर्षांच्या मुलांस कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला. आपल्यापैकीं जीं मुलें त्या वेळीं त्या वयाचीं होतीं त्यांस कॉर्बेव्हॅक्स हें नांव आठवत असेल. त्या लसींतील मुख्य प्रथिन यीस्टच्या पेशींनीं तयार केलेलें होतें, आणि तें प्रथिन करावयास लावण्याकरितां त्या यीस्टला जें अन्न घालतात तें हेंच मेथॅनॉल होय.

एकच पदार्थ माणसास विष आणि एका सूक्ष्म जीवास अन्न, असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें उत्तर मेथॅनॉलाच्या अंगीं शोधून सांपडत नाहीं. तें पेशींत शोधावें लागतें: पेशीजवळ कोणतीं विकरें आहेत, आणि तिच्या भोंवतालचें पटल कोणत्या मेदाम्लांचें बनलें आहे, ह्यांवर सारें अवलंबून असतें.

यीस्ट म्हणजे काय हें आपल्या भागांत फार विस्तारानें सांगावयास नको. रात्रीं भिजवून वाटून ठेवलेलें आंबोळीचें पीठ सकाळीं फुगून वर येतें, त्या कामांत जंतूंबरोबर यीस्टचाही हात असतो. माडाच्या पोयीस चीर देऊन खालीं मडकें बांधलें म्हणजे त्यांत जो गोड रस थेंब थेंब सांचतो त्याची कांहीं तासांतच माडी होते, तीही यीस्टमुळेंच. गोव्याकडील पाववाले पूर्वीं हीच माडी घालून पावाचें पीठ फुगवीत असत. यीस्टची एक पेशी इतकी लहान असते, कीं एका मिलिमीटरांत सुमारें दोनशे पेशी ओळीनें मावतील. ती साखर खाते आणि एथॅनॉल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. वायूनें पीठ फुगतें. मद्यार्कानें माडीस चढ येतो. माडींत हा मद्यार्क शेंकडा चार ते सहापर्यंत असतो.

येथें पालकांपैकीं कोणी विचारतील, कीं मग माडींत किंवा काजूच्या दारूंत मेथॅनॉल आपोआपच तयार होत नाहीं काय? यीस्ट साखरेपासून जो मद्यार्क करते तो एथॅनॉलच. मेथॅनॉल येतें तें फळांतील पेक्टिन नांवाच्या पदार्थापासून. ज्या पदार्थामुळें पेरूची जेली गोठते, तोच हा पेक्टिन. त्याच्या अंगाला मेथिलचे गट चिकटलेले असतात व फळांतील एक विकर ते तोडून मोकळे करतें. काजूच्या बोंडूंत पेक्टिन असल्यामुळें त्याच्या दारूंत मेथॅनॉलचा अंश येतो, पण तो अल्प असतो. माडाचा रस हा फळाचा गर नव्हे, त्यामुळें माडींत तो त्याहूनही कमी. एका रात्रींत सारी वस्ती उजाड होते ती अशा नैसर्गिक अंशानें नव्हे. कारखान्यांकरितां तयार केलेलें मेथॅनॉल चोरून, स्वस्तांत मिळवून, दारू म्हणून विकल्यानें तें होतें. (ह्याचा अर्थ माडी किंवा काजूची दारू निरुपद्रवी आहे असा कोणीं घेऊं नये. तो निराळा विषय आहे.)

हें कारखान्यांतील मेथॅनॉल पूर्वीं लांकडापासून काढीत. बंद भांड्यांत लांकूड तापवून निघालेली वाफ थंड केली म्हणजे जो द्रव मिळतो त्यांत तें असतें. सन १६६१ मध्यें रॉबर्ट बॉइल ह्यानें तें अशा रीतीनें वेगळें केलें, आणि सन १८३४ मध्यें द्यूमा व पेलिगो ह्या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं त्याची घटना ठरविली. सध्यां तें मुख्यत्वें नैसर्गिक वायु व कोळसा ह्यांपासून करतात. रंग, वार्निश व प्लास्टिक ह्यांच्या धंद्यांत त्याचा मोठा खप आहे. तें ६५ अंशांस उकळतें, एथॅनॉल ७८ अंशांस. प्रयोगशाळेंत ह्या फरकानें दोहोंची ओळख पटते. जिभेनें किंवा नाकानें मात्र पटत नाहीं, आणि जो कोणी आपणांस ती पटते असें म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

पोटांत गेलेलें मेथॅनॉल प्रथम फारसा अपाय करीत नाहीं. अपाय करतें तें यकृत. मद्यार्क हाताळण्याकरितां आपल्या यकृतांत एक विकर असतें. तें एथॅनॉल व मेथॅनॉल ह्यांत भेद करीत नाहीं. एथॅनॉलचें तें जें कांहीं करतें तें पुढें शरीर जाळून टाकूं शकतें. मेथॅनॉलचें मात्र प्रथम फॉर्माल्डिहाइड होतें व लगेच पुढें फॉर्मिक आम्ल. हें आम्ल प्रथम मुंग्यांपासून काढलें गेलें, म्हणून लॅटिन भाषेंतील मुंगीच्या नांवावरून त्याचें नांव पडलें. पेशींत प्राणवायूचा उपयोग करणारी जी यंत्रणा असते ती हें आम्ल बंद पाडतें. डोळ्याच्या मज्जातंतूस तें सर्वांआधीं भोंवतें, आणि रक्त आम्ल होत जाऊन शेवटीं श्वास व हृदय हीं थांबतात. दहा मिलिलिटर शुद्ध मेथॅनॉल, म्हणजे चहाचे दोन चमचे, एवढ्यानेंही दृष्टि कायमची जाऊं शकते. तीस मिलिलिटरांनीं मृत्यु येऊं शकतो.

ह्यांत घातक गोष्ट अशी, कीं हें सर्व होण्यास बारा ते चोवीस तास लागतात. माणूस झोंपून उठतो आणि मग त्यास धुकें पडल्यासारखें दिसूं लागतें. मळमळ व डोकेदुखी साध्या दारूच्या उताराचीच समजून घरचीं माणसें वाट पाहतात, व ती वेळ हातची जाते. असा संशय आल्यास क्षणाचाही विलंब न लावतां रोग्यास रुग्णालयांत पोंचविलें पाहिजे. तेथें एक चमत्कारिक वाटणारा उपचार करतात: मोजून एथॅनॉल देतात. यकृतांतील विकर एथॅनॉलकडे अधिक ओढलें जातें व तें त्यांत गुंतून पडलें, कीं मेथॅनॉल न बदलतां तसेंच राहतें. मग तें रक्त गाळण्याच्या यंत्रानें, म्हणजे डायलिसिसनें, काढून टाकतां येतें. फोमेपिझोल नांवाचें औषध तेंच काम अधिक चांगलें करतें. हा उपचार रक्त तपासून, शिरेंतून किंवा नळीनें, डॉक्टरांनींच करावयाचा आहे. ह्यावरून घरीं कोणीं ‘उतारा’ म्हणून आणखी दारू पाजूं लागला तर तो त्या माणसाचा जीव घेईल.

उंदरास मेथॅनॉल पाजलें असतां त्यास आंधळेपण येत नाहीं! त्याच्या शरीरांत फोलेट नांवाच्या जीवनसत्त्वाच्या साह्यानें फॉर्मिक आम्ल झपाट्यानें नाहींसें केलें जातें. आपल्या शरीरांत तेंच काम फार मंद चालतें. तेव्हां विष कोणतें, हें प्राण्यागणिक बदलतें.

आतां पाव फुगविणाऱ्या साध्या यीस्टकडे वळूं. त्याच्या भोंवतालीं मेथॅनॉल असलें तर काय होतें? त्याचें विकर मेथॅनॉलला जवळजवळ ओळखतच नाहीं. त्यामुळें तें त्यास खाऊंही शकत नाहीं आणि त्याचें फॉर्मिक आम्लही फारसें करीत नाहीं. वाढ मंदावते ती निराळ्या कारणानें. मद्यार्क पेशीच्या पटलांत शिरतो व तें ढिलें करतो. ह्या बाबतींत लांब साखळीचे मद्यार्क अधिक त्रासदायक ठरतात, कारण ते तेलांत अधिक सहज मिसळतात. ब्यूटॅनॉल सर्वांत वाईट, त्याहून सौम्य प्रोपॅनॉल, त्याहून एथॅनॉल आणि सर्वांत सौम्य मेथॅनॉल. म्हणजे आपण ज्यानें मरतों त्या मेथॅनॉलापेक्षां, यीस्टला स्वतःच्या पोटांतून निघालेला एथॅनॉलच अधिक जाचक होतो! द्राक्षाच्या रसांत मद्यार्क शेंकडा बारा ते पंधरापर्यंत चढला, कीं बहुतेक जातींचें यीस्ट काम थांबवितें.

हें पटल समजून घेण्यासाठीं मेदाम्लांचा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. तेल, तूप, चरबी ह्या सर्वांचा मुख्य भाग म्हणजे मेदाम्लें. प्रत्येक मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची एक साखळी असते, बहुधा सोळा किंवा अठरा अणूंची. कांहीं साखळ्या अगदीं सरळ असतात. त्यांस संतृप्त म्हणतात. कांहींत मधेंच एक दुहेरी बंध येतो व तेथें साखळी वांकते, त्या असंतृप्त. जंगलांतून लांकडाची मोळी आणणाऱ्या बाईस हा भेद ठाऊक असतो. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते, वांकड्या फांद्यांची कितीही आवळली तरी सैलच राहते. खोबरेल तेलांतील मेदाम्लें बहुतेक सरळ. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटे आपली बाटली गोठलेली सांपडते व ऊन पडतांच पातळ होते. तारलीच्या तेलांतील साखळ्या जागोजागीं वांकलेल्या. तें त्याच थंडींत पातळच राहतें. मासा थंड पाण्यांतही लवचिक कसा राहतो, ह्याचें अर्धें उत्तर ह्यांतच आहे.

पेशीचें पटल हेंही अशाच साखळ्यांची दुहेरी मोळी होय. तें फार घट्ट झालें तर अन्न आंत येत नाहीं. फार सैल झालें तर आंतील क्षार बाहेर गळूं लागतात. म्हणून भोंवतालची स्थिति बदलली, कीं पेशी आपल्या साखळ्यांचें प्रमाण बदलते. पावाच्या यीस्टपाशीं मुख्यतः चार मेदाम्लें असतात: पामिटिक व स्टिअरिक हीं सरळ, पामिटोलिक व ओलिइक हीं एकेका ठिकाणीं वांकलेलीं. एथॅनॉल वाढूं लागला म्हणजे ही पेशी सोळा अणूंचें सरळ पामिटिक आम्ल कमी करते आणि अठरा अणूंचें वांकलेलें ओलिइक वाढविते. ज्या यीस्टजवळ ओलिइक आम्ल अधिक, तें मद्यार्कांत अधिक टिकाव धरतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

येथें चाणाक्ष विद्यार्थी शंका काढील, कीं मद्यार्कानें पटल आधींच ढिलें झालें, मग पेशीनें आणखी वांकड्या साखळ्या घालाव्यात हें उलटेंच नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचा एक उलगडा असा देतात, कीं मद्यार्क पटलाच्या कडेस घुसल्यानें साखळ्या एकमेकींत सरकून पटल पातळ होतें. ओलिइकची साखळी पामिटिकपेक्षां दोन अणूंनीं लांब असल्यानें ती पटलाची जाडी भरून काढते. सन १९७६ मध्यें लोनी इंग्रॅम ह्यांनीं एका जंतूवर केलेल्या प्रयोगांतही असेंच आढळलें. लहान साखळीच्या मद्यार्कांत जंतूनें असंतृप्त आम्लें वाढविलीं, तर लांब साखळीच्या मद्यार्कांत ह्याच्या उलट सरळ आम्लें वाढविलीं. पेशी एकच ठराविक उत्तर देत नाहीं. समोर कोणता मद्यार्क आहे तें पाहून ती उत्तर देते.

आणखी एक गोष्ट. साखळींत दुहेरी बंध घालण्याच्या कामीं पेशीस प्राणवायु लागतो. सन १९५३ व १९५४ मध्यें अँड्रिआसन व स्टिअर ह्यांनीं दाखविलें, कीं हवा अजिबात न मिळाल्यास यीस्टला एर्गोस्टेरॉल व ओलिइक आम्ल हीं बाहेरून द्यावीं लागतात, नाहीं तर तें वाढतच नाहीं. यीस्टला हवेवांचून जगतां येतें असें आपण पुस्तकांत वाचतों, तें खरें. पण त्याचें पटल बांधावयास थोडी तरी हवा हवीच.

एवढ्याशा पेशींत कोणतें मेदाम्ल किती, हें मोजतात तरी कसें? गंमत अशी, कीं त्या कामींही मेथॅनॉलच उपयोगीं पडतें. यीस्टमधून काढलेली चरबी मेथॅनॉल व थोडें तीव्र आम्ल ह्यांच्याबरोबर तापवितात. प्रत्येक मेदाम्लास मेथिलचा गट चिकटून त्याचें एस्टर बनतें. हें एस्टर सहज वायुरूप होतें. मग तें एका लांब, बारीक नळींतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. लहान साखळ्या आधीं बाहेर पडतात, लांब मागाहून, आणि यंत्र प्रत्येकीची नोंद करतें. हींच एस्टरें मोठ्या प्रमाणावर केलीं म्हणजे तें बायोडिझेल होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उद्योगोपयोगी सूक्ष्म जीवांचा एक संग्रह आहे. त्यांत यारोविया लिपोलिटिका जातीचें एक यीस्ट जतन केलेलें असून, तें मुंबईनजीकच्या, तेलानें दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यांत सांपडलें होतें. तें आपल्या पेशींत चरबी सांठवितें. त्या चरबीपासून बायोडिझेल करतां येईल काय, ह्याचा अभ्यास पुणें विद्यापीठांतील संशोधकांनीं केला आहे.

आतां मेथॅनॉल खाणाऱ्या यीस्टकडे येऊं. सन १९६९ मध्यें जपानांत क्योतो येथील ओगाता व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रथमच असें यीस्ट शोधून काढलें, कीं जें केवळ मेथॅनॉलावर वाढतें. तोंवर असें यीस्ट कोणास ठाऊक नव्हतें. पुढें अशा अनेक जाति सांपडल्या. त्यांतील पिकिया पास्टोरिस ही सर्वांत प्रसिद्ध झाली. (अलीकडे शास्त्रज्ञ तिला कोमागाटेला म्हणतात.) फिलिप्स पेट्रोलियम ह्या अमेरिकन कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत मेथॅनॉलावर हें यीस्ट वाढवून त्यापासून गुरांचा खुराक करण्याचा उद्योग मांडला. परंतु १९७३ मध्यें खनिज तेलाचे भाव भडकले, मेथॅनॉल महागलें, सोयाबीनची पेंड स्वस्त राहिली, आणि तो हिशेब फसला.

हें यीस्ट मेथॅनॉल पचवितें तरी कसें? पहिली पायरी आपल्या यकृतासारखीच: मेथॅनॉलचें फॉर्माल्डिहाइड. भेद आहे तो जागेचा. हें काम हें यीस्ट पेशींत मोकळ्यावर करीत नाहीं. पेरॉक्सिसोम नांवाच्या लहान लहान कोठड्यांत तें तें कोंडून ठेवतें. त्यांत फॉर्माल्डिहाइडबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडही निघतें, आणि तें मोकळें सुटलें तर मेदाम्लांचा नाश करील, कारण जितके दुहेरी बंध अधिक तितकें मेदाम्ल लवकर खवट होतें. ह्या यीस्टचीं मेदाम्लें तर अशींच नाजूक. पावाच्या यीस्टला एका साखळींत एकच दुहेरी बंध घालतां येतो. हें मात्र दोन बंधांचें लिनोलिइक व तीन बंधांचें लिनोलेनिक हींही करतें. म्हणून त्या कोठडींतच कॅटलेझ नांवाचें विकर बसविलेलें असतें व तें पेरॉक्साइडचें तेथल्या तेथें पाणी व प्राणवायु करून टाकतें. उरलेल्या फॉर्माल्डिहाइडचा कांहीं भाग साखरेच्या घडणींत जातो व नवी पेशी बांधली जाते. बाकीचा फॉर्मिक आम्लाच्या वाटेनें कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तें आम्ल सांचूं दिलें जात नाहीं, हीच खरी युक्ति. मेथॅनॉलावर ठेवल्यास ह्या कोठड्या इतक्या फुगतात, कीं ह्या वर्गांतील एका यीस्टमध्यें त्यांनीं पेशीचा चार-पंचमांश भाग व्यापलेला आढळला आहे. साखरेवर आणून ठेवलें, कीं ह्याच कोठड्या मोडून टाकल्या जातात.

तथापि ह्या यीस्टलाही अति झालेलें सोसत नाहीं. द्रवांत मेथॅनॉल शेंकडा अर्धा ते एक असेपर्यंत काम सुरळीत चालतें. प्रमाण बरेंच वाढलें तर फॉर्माल्डिहाइड कोठड्यांना आवरेनासें होतें, वाढ खुंटते व पेशी मरूं लागतात. साखरेच्या मानानें मेथॅनॉलावरील वाढ मुळांतच मंद. शिवाय प्राणवायु पुष्कळ लागतो आणि उष्णता फार निघते. म्हणून कारखान्यांतील टांक्यांस भोंवतीं थंड पाणी खेळवितात, खालून हवा फुंकतात, आणि मेथॅनॉल थेंबाथेंबानें, मोजून घालतात.

लसीकरितां हा सर्व खटाटोप कां, हें आतां थोडक्यांत सांगतां येईल. मेथॅनॉल दिसतांच हें यीस्ट तें पचविणारें विकर प्रचंड प्रमाणांत करूं लागतें. त्या विकराचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या पुढील कळ शास्त्रज्ञांनीं घेतली व तिच्यामागें हव्या त्या प्रथिनाचें जनुक जोडलें. मेथॅनॉल घातलें, कीं कळ दाबली जाते व यीस्ट तें प्रथिन करूं लागतें. कॉर्बेव्हॅक्सकरितां कोरोना विषाणूच्या काट्याचा एक तुकडा ह्याच रीतीनें करतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें १९९७ मध्यें बाजारांत आणलेली कावीळ ‘ब’ ची लसही पिकियामध्येंच तयार केलेली होती.

ज्या पालकांनीं हा लेख येथवर वाचला त्यांच्या मनांत एक प्रश्न राहिला असेल: मग तें मेथॅनॉल लसींत येतें काय? टांकींतील बहुतेक मेथॅनॉल यीस्टच खाऊन टाकतें. मग पेशी फिरवून बाजूस काढतात, राहिलेल्या द्रवांतील प्रथिन एकामागून एक गाळण्यांतून व खास पदार्थ भरलेल्या नळ्यांतून नेतात, नवीन क्षारजलांत उतरवितात, आणि प्रत्येक घाण्याची तपासणी करूनच तें बाटल्यांत भरतात. बाटलींत जातें तें प्रथिन, त्याचा जोर वाढविणारे पदार्थ आणि क्षारजल.